हात दिसले, डोकं दिसलं नाही

गेल्या दिवाळीत नात आली होती. पुण्याला पाचवीत शिकते. शाळेनं सुट्टीसाठी अभ्यास दिला होता, ‘माझ्या कुटुंबातील सर्जनशील व्यक्ती’. वहीत तीन रकाने आखलेले. नाव, नातं आणि काय निर्माण केलं. पोरगी माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, “आजोबा, सर्जनशील म्हणजे काय हो?”

मी दहावी शिकलेला माणूस. तरी चार पुस्तकं नावावर आहेत म्हणून ऐटीत सांगितलं, “ज्याला नवं काही सुचतं आणि जो ते करून दाखवतो, तो सर्जनशील.”

तिनं लिहिलं. पहिलं नाव माझं, ‘लेखक’. दुसरं तिच्या मामाचं, तो भजनात पेटी वाजवतो. तिसरं तिचं स्वतःचं, ती चित्रं काढते. मी विचारलं, “आणि आजी?” ती म्हणाली, “आजी काम करते ना.”

मला हसू आलं. वहीवर पहिलं नाव आपलं आलं म्हणून बरंही वाटलं. रात्री अंगावर वाकळ ओढली आणि झोप मात्र येईना. ती वाकळ बायकोनं शिवलेली. वरून नातीच्या लहानपणीच्या फ्रॉकचे तुकडे, आत माझं जुनं धोतर आणि तिची दोन लुगडी. एका कडेला तिनं दुहेरी थर घातलाय, कारण माझे पाय थंडीत गार पडतात. ही अक्कल तिला कुणी शिकवली? कुठल्या पुस्तकात आहे? ‘नवं सुचतं आणि करून दाखवतो’ हे मीच संध्याकाळी सांगितलेलं. मग तिचं नाव वहीत का नाही?

पोरीची चूक नाही. पोरगी आमच्याकडूनच शिकली. या लेखात मला भांडायचं आहे ते आमच्याशीच. गावाबद्दल लिहिणाऱ्या आम्हा लोकांशी, ते वाचून हळहळणाऱ्या वाचकांशी आणि सगळ्यात आधी माझ्या स्वतःशी. माझा गुन्हा मोठा आहे. तो आधी सांगतो.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, ज्वारीचं रान. मी सात-आठ वर्षांचा असेन. पौष महिन्यात दाणा भरत आला की आईबरोबर पाखरं राखायला जायचो. रानात चार मेढी रोवून केलेला माळा. आई त्यावर उभी राहून गोफण फिरवायची, मी डबा वाजवायचो. चिमण्यांचे थवेच्या थवे यायचे. इकडून उठवले की तिकडं बसायचे.

एक दिवस आई गोफण खाली ठेवून नुसतीच बघत उभी राहिली. मी म्हटलं, “बाई, पाखरं बसली की गं!” आम्ही पोरं आईला बाईच म्हणायचो. ती म्हणाली, “गप. बघ तिकडं. त्या वाकड्या कणसावर चिमणी बसत न्हाई.”

बहुतेक कणसं ताठ उभी होती. त्यात दोन-चार ताटांची कणसं मान मोडल्यासारखी खाली वळलेली. चिमणी त्यावर टेकायला जायची, तर पाय ठरेना. दाणा टिपायचा तर उलटं लटकावं लागायचं. दोनदा तडफडायची आणि शेजारच्या ताठ कणसावर जायची. मी अर्धं वर्ष त्या रानात हुंदडत होतो, वडील त्याच रानात जन्मलेले, पण हे आईला दिसलं.

तिनं जुन्या चोळीच्या चिंध्या काढल्या आणि त्या ताटांना बांधल्या. काढणीला आलेल्या बायकांनी ती ताटं पेंढीत मिसळू नयेत म्हणून. तीन कणसं हाती लागली, चौथं कुणीतरी खाल्लं. पुढच्या सालाला विहिरीजवळच्या तुकड्यात ते बी वेगळं टोकलं. त्यात काही ताटं ताठ मानेची निघाली. ती बियाण्याला धरली नाहीत. वाकड्या मानेच्यातही ज्याचा दाणा बारीक, ते टाकलं. ज्याचा कडबा बैलांनी खाल्ला नाही, तेही टाकलं. असं पाच-सहा वर्षं चाललं. शेवटी तिच्या हातात असा जोंधळा आला, की राखण अर्ध्यावर आली आणि भाकरीलाही गोड.

गावात त्याला ‘बाईचा जोंधळा’ म्हणायला लागले. लोक पायलीला पायली बदलून बी न्यायचे. मागायला मात्र वडिलांकडं यायचे. म्हणायचे, “अण्णा, तुमच्या रानाला गुण हाय.” वडील मिशीत हसायचे. आईच्या त्या सहा वर्षांना घरात एकच नाव होतं, “तिला नाद लागलाय.”

मग १९७२ चा दुष्काळ आला. मी तेरा वर्षांचा. आईवडील खडी फोडायला जायचे, घरात सुकडी आणि अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो. उतरंडीच्या तळाच्या गाडग्यात आईनं बियाणं ठेवलं होतं. राख आणि लिंबाचा पाला घालून, तोंड शेणामातीनं लिंपून. एका रात्री धाकटा भाऊ भुकेनं रडत होता. वडील त्या गाडग्याकडं बघून म्हणाले, “फोड की ते.” आई म्हणाली, “त्यात जोंधळा न्हाई. माझी सहा वर्षं हायती.” तिनं स्वतःच्या वाटची भाकरी भावाला दिली. गाडगं फोडलं नाही. पुढच्या साली पाऊस झाला आणि ते बी पुन्हा रानात गेलं.

दुष्काळानं जे घेतलं नाही ते मी घालवलं. मी १९७६ ला दहावी झालो. गावात शिकलेला म्हणून मिरवू लागलो. पुढं उजनीचं पाणी आलं, ऊस आला. ज्वारी कमी झाली. आई दरसाल म्हणायची, “दोन वाफं तरी माझ्या जोंधळ्याला ठेव.” मी म्हणायचो, “बाई, बी दुकानात मिळतं. शास्त्रज्ञांनी काढलेलं. तुझं हे जुनं धरून काय बसतीस?” दोन-तीन सालं पेरलंच नाही. एका उन्हाळ्यात घर सारवताना मी ते गाडगं उघडलं. निम्म्याला किडे लागलेले. निम्मं चांगलं होतं, हे मी आज कबूल करतो. मी ते सगळं कोंबड्यांपुढं ओतलं.

आई काही बोलली नाही. तिनं गाडगं धुतलं आणि उन्हात पालथं घातलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण पुढं मी लेखक झालो. आईवर लेख लिहिला. तिच्या हातांवरच्या भेगा लिहिल्या, डोक्यावरचा भारा लिहिला, अनवाणी पाय, चुलीचा धूर, फाटकं लुगडं, सगळं लिहिलं. तालुक्याच्या कार्यक्रमात वाचला तेव्हा लोकांनी डोळे पुसले. माझ्या गळ्यात हार पडला. आई पुढच्या रांगेत बसली होती. त्या सबंध लेखात वाकड्या मानेच्या कणसाबद्दल एक ओळ नव्हती. मला ती सुचलीच नाही. आई म्हणजे कष्ट, एवढंच मला माहीत होतं. आईला डोकं आहे आणि ते चालतं, हे लेखाचा विषय होऊ शकतं, असं वाटलंच नाही.

माझं म्हणणं आता थेट मांडतो. कष्टकरी माणसाच्या कष्टाचं कौतुक करणं ही त्याची बुद्धी नाकारायची सोयीस्कर वाट आहे. घामाला नमस्कार केला की आपण मोकळे होतो. घामाला मजुरी असते. सुचण्याला नाव द्यावं लागतं, हक्क द्यावा लागतो, वाटा द्यावा लागतो. म्हणून आपण हात बघतो आणि डोकं बघायचं टाळतो.

हे टाळायला आपल्याकडं शब्दही तयार आहेत. शेतकऱ्यानं जुन्या सायकलीच्या पुढच्या चाकाला मूठ आणि पात जोडून एका माणसानं चालवायचं कोळपं केलं, की शहरातला पाहुणा म्हणतो, “काय जुगाड आहे!” तेच कोळपं गोरंगोमटं करून, रंग देऊन कुणी प्रदर्शनात मांडलं तर त्याला संशोधन म्हणतात. जुगाड म्हणजे तात्पुरतं, नशिबानं जमलेलं. ज्यानं चाकाची उंची, पातीचा कोन आणि आपल्या कमरेचं दुखणं यांचा मेळ घालायला तीन पावसाळे घालवले, त्याला जुगाडू म्हणणं हे कौतुक नाही.

दुसरा शब्द ‘पारंपरिक’. बाईनं काही केलं की ते परंपरेनं चालत आलेलं. जणू परंपरा नावाची कुणी आजी आहे आणि तीच सगळं करते, या बाया फक्त तिची सांगकामी. अहो, परंपरेतली प्रत्येक गोष्ट कधीतरी कुणालातरी पहिल्यांदा सुचली. बियाण्यात राख मिसळावी हे कुणाला तरी सुचलं. हिरवं कणीस गोवऱ्यांच्या आरात भाजून हातावर चोळलं की हुरडा होतो, हे कुणीतरी शोधलं. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, म्हणून ती माणसंच नव्हती असं कसं म्हणता?

आमच्या भागाचंच उदाहरण घ्या. मालदांडी ज्वारी सगळ्या राज्याला माहीत. स्वातंत्र्याच्या आधी मोहोळच्या संशोधन केंद्रावर ‘मालदांडी ३५-१’ हा वाण निवडून काढला. इतकी वर्षं झाली, इतके नवे वाण आले, तरी कोरडवाहू रब्बीत शेतकरी अजून ती पेरतो. ज्यांनी निवड केली त्या शास्त्रज्ञांना माझा मनापासून नमस्कार. पण ३५-१ हा आकडा त्यांचा, मालदांडी हे नाव आधीचं. निवडायला स्थानिक मालदांडी रानात होती, ती कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणली म्हणून. माझी खात्री आहे की त्यात माळ्यावर उभं राहून बघणाऱ्या बाया होत्या. शेवटच्या निवडीला संशोधन म्हणायचं आणि आधीच्या शेकडो निवडींना ‘स्थानिक’ म्हणायचं, हा हिशेब मला पटत नाही.

कुणी म्हणेल, हे जुन्या काळचं झालं. मग अलीकडचं ऐका. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरी शिकलेले, थोडक्या जमिनीचे मालक. १९८३ साली त्यांना आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले. त्यातून बारीक दाण्याचा एचएमटी तांदूळ आला. त्या वेळी लोकांना हौस असलेल्या एचएमटी घड्याळावरून ते नाव पडलं. तो तांदूळ राज्याबाहेरही गेला. कित्येकांच्या ताटात वाढला गेला. त्यांनी पुढं आणखी वाण काढले. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. आणि जून २०१८ मध्ये आजारपणात, पैशाच्या ओढाताणीत ते गेले. तुम्ही गाणं ऐकता तेव्हा गाणाऱ्याचं नाव विचारता. त्यांचा भात खाताना किती जणांनी नाव विचारलं?

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली, फार आनंद झाला. शाळेत न गेलेल्या बाईनं गावठी बियाण्यांची बँक उभी केली. आपण त्यांना बीजमाता म्हणतो. प्रेमानंच म्हणतो. पण माझ्या मनात एक खडा राहतो. बाईला ‘माता’ म्हणणं आपल्याला जमतं, ‘तज्ज्ञ’ म्हणताना जीभ का अडखळते? कुठलं बी कुठल्या मातीत, किती ओलीवर, कशाबरोबर लावायचं, हे माहीत असणं म्हणजे नुसती माया नाही, ते ज्ञान आहे.

साहित्यातल्या लोकांनी हसू नये. तुमच्याकडं काय वेगळं झालं? बहिणाबाई चौधरी लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या. घरकाम आणि शेतकाम करता करता त्यांनी गाणी रचली. सोपानदेवांनी ती जपली, आचार्य अत्र्यांना दाखवली आणि बहिणाबाई गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं. मुलगा कवी निघाला नसता, वही हरवली असती, तर खानदेशात बहिणाबाईंची ओळख काय राहिली असती? ‘फार कष्टाळू बाई होती हो.’ संपलं. जात्यावर बसून बायांनी रचलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी खेडोपाडी फिरून गोळा केल्या, त्या लाखावर भरल्या. लाखावर! ज्या दारांवरून आपण ‘दळण चाललंय’ म्हणत पुढं जात होतो, त्या दारांच्या आत हे चाललं होतं.

आता एक प्रश्न रास्त आहे आणि तो माझ्या लेकानंच विचारला. म्हणाला, “अप्पा, मग सगळेच सर्जनशील. उद्या भाजी चिरली तरी सर्जनशील. मग त्या शब्दाला किंमत काय राहिली?”

बरोबर आहे. सगळं काही निर्मिती नसतं. चाड्यावर मूठ धरून सारखं बी सोडणं हे कसब आहे, मोठं कसब. पण दरसाल तसंच सोडलं तर ते कसबच राहतं. माझी कसोटी साधी आहे. काही अडलं होतं का? माणूस थांबून बघत राहिला का? त्यानं काही वेगळं करून पाहिलं का? न जमलेलं टाकून पुन्हा केलं का? आणि शेवटी, आधी नव्हतं असं काही हाती आलं का? या पाचांचं उत्तर हो असेल तर ती निर्मिती. मग ती कागदावर असो, रानात असो की चुलीवर. या कसोटीला आईचा जोंधळा उतरतो. सायकलचं कोळपं उतरतं. आणि खरं सांगू? माझी चार पुस्तकं लावून बघितली तर त्यातलं दीडच पुस्तक उतरतं. बाकीच्यात मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या आईसारखी आई लिहिली. ते कसब होतं. तरीही नातीच्या वहीत पहिला नंबर माझा.

म्हणजे मी शब्दाची किंमत कमी करा म्हणत नाही. उलट वजन नीट करा म्हणतो. कागद, कॅनव्हास आणि रंगमंच दिसला की आपण डोळे झाकून मापात टाकतो, आणि शेण, पीठ, चिंध्या दिसल्या की मापच उचलत नाही. याला वजन करणं म्हणत नाहीत.

आणि यात नुसत्या मानपानाची गोष्ट नाही. आईच्या कामाला मी तेव्हा ‘नाद’ न म्हणता ‘शोध’ म्हटलं असतं, तर ते गाडगं मी ओतलं असतं का? शोध कुणी कोंबड्यांना घालत नाही. नाव नसलं की वस्तू आधी बिनकामाची होते आणि मग नाहीशी होते. आपल्या देशात २००१ साली वाणांचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा झाला. शेतकऱ्यानं काढलेला, जपलेला वाण त्याच्या नावावर नोंदवता येतो. कायद्यानं शेतकऱ्याला वाण निर्माण करणारा मानलं, आमच्या जिभेनं अजून मानलं नाही. आणि नोंदवायला आधी घरात मान्य व्हावं लागतं, की आमच्या बाईनं काही काढलंय.

म्हणून माझं मागणं पुरस्काराचं नाही. एक प्रश्न विचारायची सवय लावा, एवढंच. कुणाच्याही हातून काही निराळं झालेलं दिसलं, की ‘किती कष्ट घेतले’ म्हणू नका. विचारा, “हे तुम्हाला कसं सुचलं?” आणि उत्तर ऐकायला थांबा. मग नाव लिहून ठेवा. शिक्षकांनो, पोरांना रकाना देताना तिथं घरातलं काम बाजूला पडणार नाही असा द्या. लेखकांनो, आईच्या भेगा पुष्कळ झाल्या. आता तिला काय सुचलं ते लिहा.

मी स्वतः सुरुवात केली. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बायको चुलीपुढं बसली होती, तेव्हा विचारलं, “अगं, त्या वाकळंला पायाकडं दुहेरी थर घालायचं तुला कसं सुचलं?” तिनं भाकरी उलटली. म्हणाली, “इतकी वर्षं पांघरताय. आज विचारायचं सुचलं व्हय तुम्हाला?”

नात दारात उभी होती. वही घेऊन आजीजवळ बसली आणि विचारू लागली. आजी आधी “मला काय येतंय गं” म्हणाली, मग तासभर बोलत राहिली. त्यातलं निम्मं मलाही ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांचा संसार झाला.

आईचा जोंधळा मी अजून शोधतो. त्या वेळी पायलीला पायली बदलून ज्यांनी नेला, त्यांच्या गावांना जाऊन आलो. कुणाकडं उरला नाही. तुमच्याकडं, तुमच्या सोयऱ्यांकडं वाकड्या मानेचा, पाखरांना न सापडणारा जोंधळा असेल तर दोन मुठी मला द्या. आणि देताना ‘आमच्याकडं असाच आहे पहिल्यापासून’ असं म्हणू नका. तो पहिल्यांदा कुणी बघितला, ते घरात विचारून या.